मास्तरांचं उत्तर राहून गेलं

माझ्या सलूनमध्ये तीन खुर्च्या आहेत. त्यातली आरशासमोरची पहिली खुर्ची सकाळी सात ते साडेसात कुणाला मिळत नसे. एखादं नवखं गिऱ्हाईक तिच्यावर बसायला गेलं, की बाकावरचे जुने लोक अशा काही सुरात खाकरायचे की ते बिचारं आपोआप उठायचं. ती मास्तरांची खुर्ची.

मास्तर म्हणजे गल्लीच्या टोकाला जी शाळा होती तिथले. शेवटी शेवटी एक्केचाळीस मुलं, दोन शिक्षक आणि एक पाण्याची टाकी, जिचा नळ काही केल्या पुरता बंद व्हायचा नाही. शाळा आठला भरायची. त्याआधी मास्तर माझ्याकडे दाढीला यायचे, रविवार सोडून रोज, बावीस वर्षं. आता, त्यांच्या गालावर रोज वस्तरा फिरवावा असं काही उगवायचं नाही. डाव्या बाजूला तर सगळा आनंदच होता. पण मास्तर दाढीला येतच नव्हते, भांडायला यायचे. दाढी हे निमित्त.

भांडणाचा नियम ठरलेला होता. दुकानात पेपर आला की जो आधी उचलेल त्याने बातमी निवडायची आणि बाजूही निवडायची. दुसऱ्याने मुकाट उलटी बाजू घ्यायची. मनात काय आहे हे विचारायचं नाही. साबण लावल्यापासून तुरटी फिरवेपर्यंत बोलायचा हक्क माझा, कारण वस्तऱ्याखालचा माणूस बोलला तर कापतो. मग चहा यायचा, आणि कपातला शेवटचा घोट संपेपर्यंत बोलायचं मास्तरांनी. तोवर मी तोंडातून शब्द काढायचा नाही. कोण जिंकलं ते बाकावरच्यांनी सांगायचं, आणि बाकावर बहुतेक आमचा पोस्टमन असायचा. त्याला निकाल देण्याची इतकी सवय लागली होती की त्याची पत्रं त्या अर्ध्या तासात जागची हलायची नाहीत.

काय काय बोललोय मी त्या खुर्चीमागे उभा राहून! एका पुढाऱ्याने तिसऱ्यांदा पक्ष बदलला, ती बातमी मास्तरांनी उचलली आणि त्याला झोडपायचं ठरवलं. मग मला त्याची तळी उचलून धरावी लागली. मी म्हटलं, रोज कपडे बदलणाऱ्याला आपण स्वच्छ म्हणतो, मग याच्यावरच राग का? पोस्टमनने मला जिंकवलं. ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी आली तेव्हा मी म्हटलं, गाडी चालेल हो, पण खिडकीतून डोकं काढून शिव्या कोण देणार? आणि केस कापणारं यंत्र निघालं त्या दिवशी तर कमाल झाली. मास्तरांनी यंत्राच्या विरुद्ध बाजू घेतली, आणि मला, ज्याचं पोट कैचीवर आहे त्याला, यंत्राच्या बाजूने बोलावं लागलं. मी इतका छान बोललो की दोन गिऱ्हाइकांनी ते यंत्र कुठे मिळतं म्हणून विचारलं. मास्तर हसून हसून चहा सांडेपर्यंत गेले होते. मी दिवसभर स्वतःवर चिडलेलो होतो.

असं आमचं होतं. मला तरी वाटायचं की सगळ्या जगाला हे माहीत आहे.

तो दिवस मंगळवार होता. पेपरात पहिल्याच पानावर मोठी बातमी: पन्नासपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करणार, प्रत्येक मुलाला टॅब देणार, आणि टॅबमधला एआय शिकवणार. योजनेचं नाव 'पडद्यावरची शाळा'. मास्तरांनी येताक्षणी पेपर उचलला. बातमी वाचली, घडी घातली, गुडघ्यावर ठेवली. "मी विरुद्ध," ते म्हणाले. त्यांचा आवाज रोजचा नव्हता. ते मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी साबण फेसण्यात गर्क होतो. मला सरकारची बाजू मिळाली होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

फेस लावून झाला, वस्तरा गळ्याशी आला, आणि दारात एक मुलगी उभी राहिली. हातात माईक, मागे कॅमेरावाला. "काका, शाळांच्या निर्णयावर सामान्य माणसाची प्रतिक्रिया हवी होती. दोन मिनिटं बोलाल?"

मला माईकपेक्षा आमचा नियम मोठा वाटला, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. माझी बोलायची वेळ होती, बाजू मिळालेली होती, मी बोललो.

"चांगला निर्णय आहे," मी म्हटलं. "यंत्राला कंटाळा येत नाही. यंत्र घड्याळाकडे बघत नाही. मास्तर लोकांची नजर पहिल्या दोन बाकांच्या पुढे जात नाही. शेवटच्या बाकावरचं पोर बिचारं भिंतीला टेकून मोठं होतं आणि तसंच घरी जातं. यंत्र त्यालाही शंभर वेळा सांगेल, आणि एकदाही कपाळाला हात लावणार नाही."

कॅमेरा माझ्यावरून मास्तरांवर गेला. "हे कोण?" मुलीने विचारलं. पोस्टमन उत्साहाने म्हणाला, "त्याच शाळेचे मास्तर!" मुलीचे डोळे चमकले. तिने माईक मास्तरांपुढे धरला. "सर, आपल्याला काय वाटतं?"

मास्तरांचं अर्धं तोंड फेसात होतं आणि माझा वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर. मी वस्तरा उचलला नाही. त्यांनी उचल म्हणून खूणही केली नाही. त्यांची वेळ चहाची होती, आणि चहा अजून यायचा होता. मास्तरांनी फक्त आरशातून माझ्याकडे पाहिलं. मुलीने पाच-सहा सेकंद वाट पाहिली, "थँक्यू काका" म्हणाली आणि गेली.

मग चहा आला. मास्तरांनी तो न बोलता प्यायला. मी म्हटलं, "मास्तर, बोला की, आता तुमची वेळ." ते म्हणाले, "उशीर झालाय, वस्ताद," आणि शाळेत निघून गेले. पोस्टमनने मला विजयी घोषित केलं.

संध्याकाळपर्यंत चाळीस सेकंदांची ती फीत सगळ्यांच्या फोनवर होती. वर लिहिलेलं होतं, 'मास्तर गप्प!', आणि पुढे हसणारं तोंड. आधी मी, छाती काढून बोलणारा. मग मास्तर, तोंडाला फेस, डोळे आरशात. कुणालाही वाटावं की माणूस निरुत्तर झाला. लोक मला रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले. आमच्या भागाच्या नगरसेवकाने तर सभागृहात पडद्यावर ती फीत दाखवली आणि म्हणाला, बघा, गोरगरीब जनताच मागणी करते आहे. गोरगरीब जनता म्हणजे मी. नंतर त्याचा माणूस टॅब घेऊन दुकानात आला, सत्कार करायचाय म्हणाला. मी त्याला इतक्या मोठ्याने हाकललं की खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं.

त्या मुलीच्या चॅनलला मी फोन केला. तिला सगळं सांगितलं: पेपर कोण उचलतो, बाजू कशी मिळते, चहा कधी येतो. ती शेवटपर्यंत ऐकत होती, चांगल्या घरची असावी. मग म्हणाली, "काका, ती बातमी आता जुनी झाली."

सत्र संपलं आणि शाळेला कुलूप लागलं. माझ्या एकट्याच्या बोलण्याने शाळा बंद झाली असं पोस्टमनलाही वाटत नाही. कागद वरच्या मजल्यावर कधीचेच तयार असणार. पण मास्तर त्या मंगळवारनंतर माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत, ते कुणाच्या कागदामुळे नव्हे.

मी सहा महिने काढले. सकाळी सातला पेपर यायचा आणि मी एकटाच तो उचलायचो. एकट्याने बाजू घेऊन काय करणार? पोस्टमनशी दोनदा प्रयत्न करून पाहिला, तर तो लगेच "तुमचं खरं आहे" म्हणून मोकळा. असल्या माणसाची दाढी करण्यात काही राम नाही. रोज नवीन काहीतरी छापून यायचं, यंत्राने चित्र काढलं, यंत्राने निवडणुकीचं भाषण लिहिलं, आणि मला आतून उमाळा यायचा की हे मास्तरांना वाचून दाखवावं, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून "मी विरुद्ध" म्हणावं. मला माझं बरोबर ठरवून नको होतं. मला मास्तर हवे होते.

मास्तरांची बदली 'पडद्यावरच्या शाळे'च्या मदत केंद्रात झाल्याचं कळलं, तेव्हा मी एक दिवस दुकान लेकीवर सोपवून तिथे गेलो. माझी लेक दुकानाच्या मागच्या खोलीत बायकांचे केस कापते. मध्ये एक पडदा आहे. शाळेतून सातवीत काढली तिला, गणितात दोनदा गेली म्हणून. तिची आई गेल्यापासून घर आणि मागची खोली तीच सांभाळते आणि माझ्यापेक्षा कैची हलकी चालवते.

मदत केंद्र तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक खोली, काचेची भिंत, आत चाळीसेक टेबलांवर माणसं आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. मास्तर खिडकीजवळ होते. त्यांनी दाढी वाढवली होती. डावीकडे विरळ, उजवीकडे दाट, हनुवटीखाली पांढरी. एखाद्या कारागिराचं बावीस वर्षांचं काम कुणीतरी पुसून टाकावं, तसं मला झालं. मी काचेवर टकटक केली. रखवालदार धावत आला. "आत जाता येत नाही. काही अडचण असेल तर नंबरवर फोन करा."

"अहो, ते बघा, पंधरा पावलांवर बसलेत."

"फोन करा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना मी फोन लावला. वेगवेगळी माणसं फोन उचलायची, मी ठेवून द्यायचो. सहाव्या वेळी आवाज ओळखीचा निघाला.

"नमस्कार, पडद्यावरची शाळा, मदत केंद्र. आपल्याला काय मदत करू?"

"मास्तर, मी वस्ताद."

"आपल्या टॅबचा क्रमांक सांगा."

"माझ्याकडे कुठला आलाय टॅब? मास्तर, ती दाढी काढा आधी. तुमच्या डाव्या गालाला ती कधीच धड दिसायची नाही."

"टॅब चालू होतोय का? वायर तपासली का?"

"मास्तर, त्या दिवशी ते माझं मत नव्हतं. पेपर तुम्ही उचललात. उरलं ते मला बोलावं लागलं. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. आता आवाज खाली आला होता, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये असा.

"मग राग कसला धरलात एवढा?"

"राग नाही रे. तू बोलत होतास तेव्हा मी रोजच्यासारखं उत्तर जुळवत होतो. यंत्राला माया नसते वगैरे, म्हणायचं ठरवलं होतं. मग तू शेवटच्या बाकाचं काढलंस, आणि माझं जुळवणं तिथेच थांबलं. ती मुलगी चहा येईपर्यंत थांबली असती, तरी मी काय बोलणार होतो?"

"मास्तर, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो. असलं मी शंभरदा बोललोय."

"वस्ताद, तुझी लेक कुठे बसायची?"

खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पोरीचं डोकं गणितात चालत नाही, अशी आम्ही घरच्यांनी समजूत करून घेतली होती आणि तिच्यावर पाणी सोडलं होतं. मास्तरांना मी कधी बोल लावला नव्हता. सातवीतून तिला काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मास्तर सातला आले होते आणि आम्ही कशावर तरी भांडलो होतो. ती पडद्यामागे फरशी पुसत होती.

"शेवटून पहिल्या बाकावर, भिंतीकडे," मास्तर म्हणाले. "मी रोज तुझ्यासमोर येऊन बसत होतो आणि तू कधी काही बोलला नाहीस. त्या दिवशी वाटलं, बोललास. आता तू म्हणतोस तुला ठाऊकही नव्हतं. तरी खरं ते खरंच ना? ... फोन तूच ठेव. आम्हाला आधी ठेवायची परवानगी नाही, आणि मागे लोक थांबलेत."

मी फोन ठेवला. पडदा सरकला आणि लेक बाहेर आली. हातात केसांनी भरलेला झाडू. तिने ऐकलं होतं. त्या पडद्याने आजवर काहीच अडवलेलं नाही.

"मास्तर होते?"

"हो." मला विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं. "तुला त्यांनी शिकवलं नाही का गं? नीट सांग."

ती बाकावर बसली. जिथे पोस्टमन बसतो तिथे. "पुढच्या बाकापासून सुरू करायचे, बाबा. एकेकाची वही बघत बघत यायचे. मी बघत असायचे, चार बाक राहिले, तीन राहिले. माझ्या पुढच्या पोरीपर्यंत आले की घंटा. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, उद्या तुझ्यापासून सुरू करतो. आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे."

"रोज?"

"जवळजवळ रोज. तेव्हा चाळीस-पन्नास पोरं होतो आम्ही एका वर्गात."

"तुला राग नाही यायचा?"

"कशाचा? मी वाट बघायचे." ती झाडूचे केस बोटाने काढत होती. "शेजारच्या पोराचा टॅब बघितलाय मी. दाबलं की लगेच सांगतो, शंभरदा सांगतो, तुम्ही म्हणालात तसंच. मीसुद्धा बसले दोन दिवस त्याच्याजवळ. अपूर्णांक कळले मला, सव्विसाव्या वर्षी. खोटं कशाला बोलू? पण तो कुठून येत नाही, बाबा. मास्तर माझ्याकडे यायला निघालेले असायचे. पोचायचे नाहीत, पण निघालेले असायचे. त्यासाठी मी सातवीपर्यंत गेले. नाहीतर चौथीतच सोडणार होते."

मी म्हटलं, "हे तू इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुमच्या दोघांच्या भांडणात तिसऱ्याला बोलायला वेळ कुठे होता? आधी तुमचा फेस, मग त्यांचा चहा." ती उठली आणि आत गेली. मागच्या खोलीत कुणीतरी बाई केस ओले करून बसली होती.

त्या रात्री मला धड झोप आली नाही एवढंच सांगतो. सकाळी पोस्टमनला खुर्चीत बसवलं, त्याला साबण लावला आणि केंद्र उघडण्याची वेळ झाल्याबरोबर फोन फिरवायला लागलो. पोस्टमन आरशातून बघत होता, पण वस्तरा माझ्या हातात होता म्हणून गप्प होता. अकराव्यांदा मास्तर सापडले.

"नमस्कार, पडद्यावरची शाळा, मदत..."

"मास्तर, काही बोलू नका. टॅबचा क्रमांक विचारू नका. मी लेकीला विचारलं." आणि मी सगळं सांगितलं. चार बाक राहिले, तीन राहिले, घंटा. उद्या तुझ्यापासून. काही गाळलं नाही. ते विसरायचे हेही सांगितलं, अपूर्णांक तिला टॅबने शिकवले हेही सांगितलं. मग सांगितलं की तुम्ही तिच्याकडे यायला निघालेले असायचात, आणि तेवढ्यावर माझी पोर तीन वर्षं त्या बाकावर बसली. "मास्तर, ती राग धरून नाही. तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी या. कुठलीही बाजू घ्या. दोन्ही तुम्हीच घ्या."

पलीकडून आजूबाजूच्या चाळीस जणांचे आवाज येत होते, वायर तपासा, पुन्हा चालू करा. मग मास्तरांचा श्वास. मग ते म्हणाले, "आपल्याला आणखी काही..." आणि वाक्य तिथेच राहिलं. मला वाटतं त्यांनी चष्मा काढला असावा, टेबलावर काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज आला.

पडद्याआडून लेक येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. मी फोन तिच्या आणि माझ्या कानांच्या मध्ये धरला.

मास्तरांना फोन आधी ठेवायची परवानगी नव्हती. आम्ही ठेवला नाही.